नाकारलेले भारतरत्न, न मागितलेले पदक

स्काउट-गाइडच्या पुस्तिकांमध्ये भारतातील चळवळीचा इतिहास पान-दीड पानात उरकलेला असतो. भारतीय मुलांसाठी पहिली पथके कोणी काढली, याची त्यात एक ठरलेली यादी येते. मध्य प्रांतात विवियन बोस, शाहजहानपूरला पंडित श्रीराम वाजपेयी, मिर्झापूरला कॅप्टन टॉड, मद्रासकडे डॉ. ॲनी बेझंट आणि डॉ. अरुंडेल, बंगालमध्ये डॉ. मलिक, मुंबईत डॉ. कामा. मुले ही यादी पाठ करतात आणि परीक्षकासमोर म्हणून दाखवतात. यांपैकी विवियन बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. बेझंटबाई १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. मुंबईच्या डॉक्टरांच्या वाट्याला मात्र या यादीत ‘मुंबईत डॉ. कामा’ एवढेच आले आहे. त्यात त्यांचे पहिले नावही नाही.

मी कामतघरला राहतो. यंत्रमाग कारखान्यात मेहता म्हणून हिशेबाच्या वह्या लिहिण्यात आयुष्य गेले. इतिहास वाचनालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून शिकलो. भिवंडीच्या शाळांमधील स्काउट पथकांची माहिती गोळा करताना एक प्रश्न वारंवार समोर आला. मुलांसाठी या चळवळीत पायऱ्या आहेत : प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला बिल्ला आहे, प्रमाणपत्र आहे. पण ज्या मोठ्या माणसाने ती पायरी मुलांकडून चढवून घेतली, त्याचे काय? चळवळ त्याचे काय देणे लागते, आणि ते देणे तिने आजवर कसे फेडले? हा लेख त्याचा शोध आहे.

लांडगा, मणी आणि स्वस्तिक

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर मोजक्या मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. १९०८ मध्ये त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरवड्याच्या हप्त्यांनी प्रसिद्ध झाले. पुढे जे घडले ते गमतीचे होते. मुलांनी पुस्तक वाचून आपापल्या टोळ्या बांधल्या आणि मग आपल्याला शिकवायला कोणी मोठा माणूस मिळतो का, हे शोधायला ती बाहेर पडली. मुले आधी आली, मास्तर मागाहून आले. या माणसांना पगार नव्हता. पगार द्यायचा नाही, तर मान कसा द्यायचा, हा प्रश्न चळवळीला म्हणूनच अगदी सुरुवातीपासून सोडवावा लागला.

पहिला मोठा मान म्हणजे ‘सिल्व्हर वुल्फ’, चांदीचा लांडगा. तो १९०९ पासून सुरू झाला. आरंभी तो मुलांनाही मिळे. पुढे तो प्रौढांच्या असाधारण सेवेसाठी राखला गेला. आपल्या मध्य प्रांतातील विवियन बोस यांना हा लांडगा मिळाला होता.

दुसरी खूण होती ‘थँक्स बॅज’, म्हणजे आभाराचा बिल्ला. १९११ च्या या बिल्ल्यावर चळवळीच्या त्रिदलाबरोबर स्वस्तिक होते. १९२२ मध्ये ‘मेडल ऑफ मेरिट’वरही स्वस्तिक आले. ज्याने मदत केली त्याचे भले होवो, हा त्यामागचा भाव. आपल्या उंबऱ्यावर दिवाळीत जो अर्थ घेऊन स्वस्तिक उमटते, त्याच अर्थाने ते इंग्रज स्काउट मास्तरच्या छातीवर लागत होते. पुढे जर्मनीत नाझींनी हे चिन्ह उचलले. १९३४ मध्ये स्काउटांमधूनच ते बदलण्याची मागणी झाली आणि १९३५ मध्ये नवे पदक निघाले.

तिसरी खूण पदकाच्या जातीची नव्हती. लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये सप्टेंबर १९१९ मध्ये स्काउट मास्तरांचे पहिले प्रशिक्षण शिबिर झाले. ते पूर्ण करणाऱ्यांना चामड्याच्या दोरीत ओवलेले लाकडी मणी देण्यात आले. ही ‘वुड बॅज’ची सुरुवात. पहिले मणी झुलू राजा दिनुझुलू याच्या माळेतले होते, असे चळवळीचा इतिहास सांगतो. बेडन-पॉवेल यांनी ती माळ आफ्रिकेतील लष्करी मोहिमेतून आणलेली होती. एका हरलेल्या राजाच्या गळ्यातले मणी जेत्यांच्या देशात सन्मानचिन्ह झाले, ही गोष्ट आज वाचताना खटकते आणि खटकायलाच हवी. तरीही त्या शिबिरामागची कल्पना मला महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडून काम घ्यायचे त्याला आधी नीट शिकवावे, आणि तो शिकला याची खूण त्याच्या गळ्यात असावी. आपल्याकडे हीच परंपरा ‘हिमालय वुड बॅज’ नावाने चालते. मध्य प्रदेशातील पचमढीला १९५६ पासून राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. कल्याणहून गाडीने पिपरिया आणि तिथून घाट चढून पचमढी, हा प्रवास महाराष्ट्रातल्या स्काउट मास्तरांच्या ओळखीचा आहे.

अमेरिकेने आणखी एक पाऊल टाकले. तिथे ‘सिल्व्हर बफेलो’ हा राष्ट्रीय सन्मान १९२६ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. पहिला मान बेडन-पॉवेल यांना मिळाला. त्याच वर्षी दुसरा मान नाव माहीत नसलेल्या एका लंडनच्या स्काउटला देण्यात आला. विल्यम बॉइस नावाचे अमेरिकन प्रकाशक १९०९ मध्ये लंडनमध्ये वाट चुकले असताना एका मुलाने त्यांना ठिकाणावर पोहोचवले आणि बक्षीस घ्यायला नकार दिला. त्यातून बॉइस यांनी १९१० मध्ये अमेरिकेत चळवळ सुरू केली, अशी कथा आहे. त्या मुलाच्या नावे गिलवेलमध्ये रानरेड्याचा पुतळा उभा आहे. १९३१ मध्ये अमेरिकेने ‘सिल्व्हर बीव्हर’ सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो स्थानिक परिषदेमार्फत दिला जातो. ज्या भागात माणसाने काम केले, त्या भागातल्याच लोकांनी त्याला ओळखायचे.

देशोदेशी असेच होत गेले. इंग्लंडचा लांडगा, अमेरिकेचा रानरेडा, ऑस्ट्रेलियाचा कांगारू. भारताने हत्ती घेतला. ‘सिल्व्हर एलिफंट’ हा भारत स्काउट्स आणि गाइड्सचा सर्वोच्च सन्मान आहे. त्याखाली सिल्व्हर स्टार, मेडल ऑफ मेरिट, दीर्घ सेवेचे पदक आणि आभाराचा बिल्ला. शिडी पूर्ण आहे. तिच्यावर कोण चढले आणि कोण खाली राहिले, याकडे मी पुढे येतो. त्याआधी आपल्याकडच्या दुसऱ्या परंपरेविषयी सांगायला हवे, कारण तिचे मूळ पुण्यात आहे.

पुण्याहून निघालेली वाट

१२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सदस्य होताना सात शपथा घ्याव्या लागत. देशाची सेवा करताना स्वतःसाठी कोणताही लाभ पाहणार नाही, समाज जी तजवीज करील तीत समाधान मानीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, असा त्यांतील काहींचा आशय होता. खुद्द गोखल्यांना १९१४ मध्ये सरकारने के.सी.आय.ई. म्हणजे ‘सर’ हा किताब देऊ केला; तो त्यांनी घेतला नाही.

या समाजाच्या तीन सदस्यांनी आपल्या विषयाला हात घातला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांबरोबर मुलांचे क्लब आणि बालवीर पथके हाही तिच्या कामाचा भाग होता. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी १९१४ मध्ये अलाहाबादला सेवा समिती स्थापन केली. श्रीराम वाजपेयींनी भारतीय मुलांची पथके उभारली. त्याआधी १९०९ पासून बंगळूर, आणि १९१०-११ मध्ये आपल्याकडची खडकी व लोणावळा, इथे पथके निघालेली होती. पण ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. मुलींचे पहिले पथक १९११ मध्ये जबलपूरला डॉ. कलन यांनी काढले, तेही याच चौकटीत. भारतीय मुलाला त्या मैदानावर जागा नव्हती. ती जागा आपल्या लोकांना स्वतः तयार करावी लागली. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, कुंझरू आणि वाजपेयी यांनी सेवा समिती स्काउट असोसिएशन काढली, ती याचसाठी.

या मंडळींचे काम कसे होते याचे चित्र गांधीजींच्या आत्मकथेत सापडते. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्याला भारत सेवक समाजाने कुंझरूंच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले होते. डॉ. देव तिथे वैद्यकीय व्यवस्था पाहत होते. यात्रेकरूंसाठी खणलेल्या शौचाच्या चरांवर माती टाकण्याचे काम गांधीजींनी आपल्या फिनिक्सच्या मंडळींसाठी मागून घेतले. अशा कामाला पदक कसे द्यायचे? कुणी मागितले नाही, कुणी दिले नाही.

पुढे १९३७ मध्ये दिल्लीच्या जांबोरीसाठी बेडन-पॉवेल भारतात आले आणि त्यानंतर एका मुलाखतीत भारतीयांच्या चारित्र्याविषयी अनुदार बोलले. त्यावर देशभर संताप झाला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा चळवळ अशी दुभंगलेली होती. ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही प्रवाह भारत स्काउट्स आणि गाइड्स या एका संस्थेत आले. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्स संघटनाही तीत सामील झाली. एका घरात आता दोन वारसे नांदू लागले. एक बिल्ल्यांचा, पदकांचा, चांदीच्या प्राण्यांचा. दुसरा पुण्यातल्या शपथांचा.

या संस्थेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त होते पंडित हृदयनाथ कुंझरू. ते १९३६ पासून १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारत सेवक समाजाचेही अध्यक्ष होते. म्हणजे गोखल्यांच्या गादीवर बसलेला माणूस बालवीरांचाही प्रमुख झाला. १९६८ मध्ये त्यांना भारतरत्न देऊ करण्यात आले. प्रजासत्ताकात असे किताब असू नयेत, हे त्यांचे जुने मत होते. त्यांनी ते नाकारले. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी आणि विद्याविषयक पदव्या वगळता राज्याने किताब देण्यास मनाई केली आहे. भारतरत्न हा किताब ठरतो का, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो किताब नव्हे, असा निर्णय १९९५ मध्ये लागला. पण कुंझरूंनी आपला निर्णय सत्तावीस वर्षे आधीच दिला होता.

नाकारण्यासाठी आधी कोणीतरी द्यावे लागते

कुंझरूंचा नकार मला मोठा वाटतो. तरी तो स्काउट मास्तरांना आदर्श म्हणून सांगितला जातो तेव्हा मी जरा थांबतो. ‘खऱ्या सेवकाला मानाची अपेक्षा नसते’ हे वाक्य आपल्या समारंभांत फार सहज म्हटले जाते. बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याच्याच गळ्यात हार असतो. गोखल्यांनी किताब नाकारला, कुंझरूंनी भारतरत्न नाकारले; त्यांचा नकारही इतिहासात नोंदला गेला. ज्याला कधी कुणी काही देऊच केले नाही, त्याच्याजवळ नाकारायलाही काही नसते.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी अवघड झाला, कारण चळवळ मुख्यतः शाळांमधून वाढली. इंग्लंडात वस्तीतला कारकून, सुतार, बँकेतला माणूस संध्याकाळी पथक चालवतो. तो स्वयंसेवक आहे हे कुणालाही दिसते. आपल्याकडे मुख्याध्यापक जूनमध्ये कामे वाटताना म्हणतात, ‘स्काउट तुम्ही बघा.’ त्या क्षणापासून तो शिक्षक नोकरीचा भाग म्हणून काम करतो की स्वेच्छेने, हे कुणी विचारत नाही. कागदावर ते शाळेचे काम असते. मात्र रविवारचे शिबिर, रात्रीची शेकोटी, गावी जायची सोडलेली सुट्टी, स्वतःच्या पैशाने शिवलेला गणवेश, स्कार्फ आणि वॉगल, हे कोणत्याही सेवापुस्तकात येत नाही. गाइड कॅप्टन असलेल्या शिक्षिकांच्या बाबतीत तर घरचा स्वयंपाक आणि आजारपणेही त्याच रविवारात बसवावी लागतात.

पदकाची शिफारस पथकाकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून राष्ट्रीय मुख्यालयाकडे जाते. या वाटेवर जो कार्यालयात दिसतो, सभेला असतो, ज्याला अर्ज लिहिता येतो, तो पुढे सरकतो. मैदानावरचा माणूस बहुधा मैदानावरच राहतो. यात कुणाचा कट नाही. कागदाची वाटच तशी आहे.

यात एक विसंगती आहे. आपल्या चळवळीत ‘खरी कमाई’ नावाचा सुंदर उपक्रम आहे. मुले बूट पॉलिश करतात, गाड्या पुसतात, भाजी विकतात, आणि श्रमाचे मोल हाताने शिकतात. कष्टाला किंमत असते, हे मुलांना शिकवणाऱ्या माणसाचे कष्ट मात्र हिशेबाबाहेर राहतात.

जुलाहा गाठ

आता कामतघर. भिवंडी-निजामपूर महापालिकेतला हा भाग वऱ्हाळादेवीच्या तलावाकाठी आहे. आगरी वस्तीचे जुने गाव, शेजारी पद्मनगरची तेलुगू वस्ती, आणि सगळीकडे यंत्रमागांचा खडखडाट. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. इथे मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू माध्यमांच्या शाळा आहेत. बाप रात्रपाळीला, आई कांड्या भरते आणि मुलगा दुपारी रस्त्यावर, असे घर इथे नवे नाही. अशा ठिकाणी शनिवारी दोन तास मुलांना मैदानावर गुंतवून ठेवणारा माणूस काय करत असतो, हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही.

इथल्या एका निवृत्त शिक्षकांकडे मी काही दुपारी बसलो. त्यांनी कितीतरी वर्षे पथक चालवले. त्यांचे एक निरीक्षण मला फार आवडले. प्रथम सोपानाच्या अभ्यासक्रमात गाठी असतात. त्यांतली ‘शीट बेंड’, दोन असमान जाडीच्या दोऱ्या जोडण्याची गाठ, शहरातल्या मुलांना जड जाते. हिंदी पुस्तिकेत तिचे नाव ‘जुलाहा गाठ’ आहे. “आमच्या पोरांना ती शिकवावी लागायची नाही,” ते म्हणाले. “लूमवर तार तुटली की बाप हीच गाठ मारतो. पोरगा बघत आलेला असतो. मी फक्त सांगायचो, की ह्याची परीक्षा असते आणि तू पास आहेस.”

बापाच्या हातात असलेले कौशल्य मुलाच्या छातीवर बिल्ला होऊन येते, तेव्हा त्या घरात काय घडत असेल? ज्या कामाला मुलगा कमी लेखायला शिकला असता, त्याच कामाचा त्याला अभिमान वाटला. हा शिक्षकाचा शोध होता. तो कोणत्याही अहवालात नाही.

त्यांच्या कपाटात पथकाची लॉगबुके होती. शिबिरांचे नकाशे, शेकोटीचे कार्यक्रम, हजेरी. मुलांची नावे सुवाच्य अक्षरात, मराठी, तेलुगू, मुसलमान नावे एकाखाली एक. पथकनायक कोण, कोणाला कोणता बिल्ला मिळाला, कोण शाळा सोडून कारखान्यात गेला. शेवटी ‘स्काउट मास्तर’ या शब्दावर फक्त सही. शाळेच्या वार्षिक अंकात पथकाचा फोटो होता. त्याखाली प्रमुख पाहुण्यांचे नाव छापले होते.

मी त्यांना कुंझरूंची गोष्ट सांगितली. मग विचारले, “सर, तुम्हाला पदक मिळालं असतं, तर तुम्ही घेतलं असतं का?”

“घेतलं असतं की,” ते लगेच म्हणाले. “मोठ्या माणसांचं वेगळं असतं. मी घेतलं असतं आणि घरी हिच्या हातात दिलं असतं. इतके रविवार तिने एकटीने काढले. तिला दाखवायला माझ्याकडे काय होतं?”

लेखात नाव घालू का, असे विचारल्यावर मात्र ते हसले. “एकट्याचं नको. घालायचं तर पोरांचीही घाला.”

पदकाची गरज कुणाला असते, याचे इतके नेमके उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळाले नव्हते. सेवकाला मान नको असतो, हे खरे असेलही. पण त्याच्या सेवेची किंमत त्याच्या घराने मोजलेली असते. मानचिन्ह हे त्या घराला दिलेली पोच असते.

पोच

हिशेबाच्या धंद्यात पोच हा साधा शब्द आहे. माल मिळाला, एवढेच तो सांगतो. पोच म्हणजे किंमत चुकती झाली असे नव्हे. पण पोचेवाचून देणे कागदावर येतच नाही. स्काउट मास्तरांचे तसेच आहे. त्यांच्या सेवेची किंमत चुकवता येणार नाही. पोच देता येईल.

त्यासाठी दिल्लीची वाट पाहायला नको. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक असतो. त्याखाली पथक चालवणाऱ्यांची नावे आणि वर्षे लिहायला एक दिवस लागतो. प्रशिक्षणाला जाणाऱ्या शिक्षकाचे भाडे आणि गणवेश शाळेने किंवा माजी विद्यार्थ्यांनी द्यावा. शिफारशीचा अर्ज ज्याचा त्याने लिहू नये. जुन्या पथकातल्या मुलांनी, आता ती चाळिशी-पन्नाशीला आलेली असतील, त्यांनी तो लिहावा. ज्याला पथकात राहून फायदा झाला, त्याच्याइतका पक्का साक्षीदार कोण? ‘सिल्व्हर बीव्हर’मागचा विचार हाच आहे, की ओळख जवळून व्हावी. आणि मदतीला दुसरा माणूस द्यावा. दमलेल्या स्वयंसेवकाला हारापेक्षा जोडीदार जास्त उपयोगी पडतो.

शेकोटीच्या वेळी मुले ‘पावसाची टाळी’ वाजवतात. आधी एक बोट तळहातावर, मग दोन, तीन, चार, पाच. सर वाढत जाते आणि तशीच उलट ओसरते. छान काम करणाऱ्याला ही टाळी मिळते. तिला खर्च नाही, अर्ज नाही, शिफारस नाही. मात्र ती वेळेवर द्यावी लागते आणि समोर उभे राहून द्यावी लागते.

भारत स्काउट्स आणि गाइड्सचा स्थापना दिवस ७ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे येतो. मी एका दोनशे पानी वहीत कामतघर आणि आसपासच्या शाळांमधील पथक चालवणाऱ्यांची नावे लिहायला घेतली आहेत. प्रत्येकाचे पूर्ण नाव, शाळा, वर्षे, आणि पथकातल्या मिळतील तेवढ्या मुलांची नावे. पहिल्या पानावर त्या शिक्षकांच्या पथकाची हजेरी उतरवली आहे, त्यांनी सांगितले तशी, मुलांसकट. वाचकांपैकी कुणाला आपल्या शाळेतले स्काउट मास्तर किंवा गाइड कॅप्टन आठवत असतील, तर त्यांनी आपापल्या गावी अशी वही सुरू करावी. नाव लिहिताना पहिले नावही लिहावे.